फाटकावर नुसतं तोंड

२ फेब्रुवारी, सोमवार

बैलाचा फोटो आहे! बैलाचा! गळ्यात झेंडूची माळ, शिंगाला गोंडा, खाली ठसठशीत नाव – लक्ष्या. आणि माझा नाही!

मालक दूध संस्थेत संचालक झाले. म्हणून फाटकावर फ्लेक्स लागला, लासुर्ण्याच्या रस्त्यावरनं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. मधोमध मालक, मिशीला पीळ देऊन – 'मा. महिपतराव'. वर दत्तातात्या हात जोडून, कारण पॅनल त्यांचं. खाली शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं – चुलतभाऊ, मेव्हणा, आमचा ऋषिराज गॉगल लावून, पंक्चरवाला लखन सुद्धा. अन् शेवटच्या गोलात बैल.

संस्थेला दूध कुणाचं जातं? पहाटे उठून धारा कोण काढतं? लखन काढतो का बैल काढतो?

विचारलं मी. तर म्हणतात, "अगं, बाईचा फोटो फ्लेक्सवर बरा दिसत न्हाय. इलेक्शनला उभी असली तर गोष्ट निराळी. न्हायतर मग…" आणि चहा प्यायला लागले.

न्हायतर मग काय, ते कळलं मला. मेल्यावर! म्हणजे फ्लेक्सवर यायचं तर आधी मरायचं!

संस्थेनं संचालकांना ही डायरी दिली. त्यांना काय लिहायचंय? मी घेतली. चौथीपर्यंत गेलेय. अक्षर कसं का असेना, राग मावतो त्यात.

४ फेब्रुवारी, बुधवार

भाची सोनमचा फोन. पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात आहे ती. "मावशी, माझी एक पाहुणी आठ-दहा दिवस ठेवून घेशील का? इंग्लंडची हाय. ऐंशीच्या वरची. लई मोठी चित्रकार."

म्हटलं, आण. संडास घरात आहे, गरम पाणी आहे. तिखट मात्र कमी करणार नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आली. नाव ग्लेनिस. शेजारच्या बनाबाईनं दुपारपर्यंत त्याचं गेनाबाई करून टाकलं, आता सगळ्या गल्लीत तेच.

हातात काठी. एका पायात पिवळा बूट, एका पायात निळा – मुद्दाम! गाडीतनं उतरली आणि घराकडं बघेचना. फ्लेक्सकडं बघत उभी. उन्हात! मी तांब्या घेऊन मागं उभी.

सोनम म्हणाली, "मावशी, भिगवणला पक्षी बघायला आणली व्हती तिला. पक्षी बघितले अन् चल म्हणाली. पण डाळजपासनं प्रत्येक फ्लेक्सला गाडी थांबव! वाढदिवसाला थांबली, दहाव्याला थांबली, दुकानाच्या उद्घाटनाला थांबली. ड्रायव्हर रडकुंडीला आलाय."

मग गेनाबाईनं बैलाकडं बोट करून विचारलं, हे कोणत्या पक्षाचे? हसून हसून माझा तांब्या सांडला.

पुढं विचारलं – ह्यात तू कुठं आहेस?

आल्या आल्या! पाणीही प्यायली नव्हती! मालकांना घरात राहून पंचवीस वर्षांत दिसलं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

भाकरी थापताना सोनमला विचारलं, "हिनं असं काय काढलं गं, की मोठी झाली?"

"बिस्किटाचे डबे."

"चेष्टा करू नकोस."

"आईशप्पथ मावशी. पत्र्याचा बिस्किटाचा डबा. दाराएवढा काढला."

गेनाबाई पाटावर बसली होती – बसता येत नाही, पण हट्टी! ती सांगत गेली, सोनम मराठीत करत गेली. हिची आई बिस्किटाच्या कारखान्यात डबे भरायची. घरात भिंतीला एक चित्र नाही. चित्र म्हणजे काय, तर डब्याच्या झाकणावर असेल तेवढं. फुलं, घोडे, राणी. पोर तेच बघत वाढली. पुढं चित्रकलेच्या शाळेत गेली, तर मास्तर माणसं उघडी बसवायचे आणि म्हणायचे, काढ. हिनं मनात म्हटलं, आमच्या घरात कुणी असं बसत नाही. आमच्या घरात डबा आहे. मी डबा काढणार! मग साबणाची वडी काढली, काड्यापेटी काढली, दुकानावरच्या पाट्या काढल्या. झगझगीत, फ्लेक्ससारख्या. मास्तर हसले.

दोन-तीन वर्षांत लंडनमधली पोरं तेच काढायला लागली. मग कुणी हसेना! त्याला 'पॉप' म्हणायचे. पेपरवाला आला, सगळ्यांना जिन्यावर उभं करून फोटो काढला. ही कडेला उभी होती. पेपरात आला तेव्हा कड कापलेली. हिचा नवराही चित्रकार. तो मधोमध!

मी विचारलं, "मग नवऱ्याला काय म्हणालीस?"

सोनमनं विचारलं. गेनाबाईनं चुलीत एक काटकी सारली.

"काही नाही. चहा केला."

माझी भाकरी करपली. करपू दे! असा राग आला की परातीत पीठ राहिलं का नाही तेही कळेना. पुढं हिनं पोरं वाढवली, शाळेत चित्रकला शिकवली, रात्रीची ताटं उचलून त्याच टेबलावर चित्रं काढली आणि पलंगाखाली सारली. म्हातारी झाल्यावर संग्रहालयातली एक पोरगी घरी आली, वाकून पलंगाखाली बघितलं. आता म्हणे तिकडं रांगा लागतात हिच्या डब्यांपुढं.

मी म्हटलं, "एवढी वर्षं का गप्प बसलीस बाई?"

"कुणी विचारलं नाही," म्हणाली. "आणि मीही विचारलं नाही."

दुसरी भाकरी तिच्यासाठी मुद्दाम मोठी केली.

८ फेब्रुवारी, रविवार

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद बायकांना. आचारसंहिता आहे, फ्लेक्स उतरवा असं ग्रामसेवक सांगून गेले. मालकांनी जड मनानं उतरवला. वैरण झाकायला बरा झाला! आता मालक, तात्या, लखन, सगळे वैरणीवर पालथे. फाटकावर लोखंडी सांगाडा नुसता उभा.

संध्याकाळी दत्तातात्या आले. सून रेश्मा उभी करणार म्हणाले. "पोरगी निस्ती सहीला. कारभार बघायला मी हाय की."

मी चहा घेऊन गेले. "रेश्माला विचारलं का तात्या?"

"तिला काय विचारायचं?"

"का? सही तिची, मग विचारायचं तुमाला व्हय?" म्हटलं मी, बोट नाचवत. बशीत चहा सांडला. मालक माझ्याकडं असे बघतात जसं काही गाय गोठ्यातनं सुटून ओसरीवर आली!

कोपऱ्यात गेनाबाईची पेन्सिल चालली होती. भराभरा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज इंदापूर! बाजारात गर्दी, ट्रकांचे भोंगे, आणि मध्ये गेनाबाई काठी टेकत, पिवळा-निळा बूट. चार माणसं वळून बघत होती, ती आठ माणसांकडं वळून बघत होती.

परवाचं चित्र तिनं रंगवलं. मी! हळदीसारखं पिवळं सगळं मागं, मधोमध माझं तोंड, उघडं, बोलणारं. एक बोट वर. कपाळावर पदर सरकलेला. कोपऱ्यात गाईचा एक कान. तिला ते फ्लेक्सवर छापून बघायचं होतं. म्हणाली, आयुष्यभर पाट्यांची चित्रं केली, आता एका चित्राची पाटी करू दे.

फ्लेक्सवाला सुयोग आमच्या ओळखीचा. बघितलं आणि म्हणाला, "काकू, भारीच! नाव काय टाकू?"

"काय नको."

"मग वाढदिवसाच्या हार्दिक…?"

"वाढदिवस न्हाय."

"निवड? सत्कार?"

"निस्तं तोंड छाप."

पोरगं कासावीस झालं. दहा वर्षं फ्लेक्स छापतोय, नुसतं तोंड कधी छापलं नाही म्हणाला. "खाली तरी बघा, केवढी जागा रिकामी सोडलीय बाईंनी! पाच-सहा शुभेच्छुक सहज बसतील."

सोनमनं सांगितलं तिला. गेनाबाई म्हणाली, ती जागा मुद्दाम सोडलीय. मालकीण ठरवेल.

मालकीण! मी दुकानाबाहेर येऊन उगाच भजी घेतली सगळ्यांना.

११ फेब्रुवारी, बुधवार

मालक पहाटे लक्ष्याला शर्यतीच्या सरावाला घेऊन गेले तेवढ्यात सोनमनं आणि मी सांगाड्यावर चढवला फ्लेक्स. गेनाबाई खालनं काठीनं सांगत होती, इकडं, तिकडं.

मी धारेला बसले. अर्ध्या धारेत रडारड ऐकू आली!

बनाबाई फाटकातनं छाती पिटत आत. "रतने गं! कालच तर ताक घिऊन गेले गं तुज्याकडनं! अशी कशी गेलीस गं!"

मी बादली घेऊन समोर उभी.

म्हातारीनं मला बघितलं. फ्लेक्सकडं बघितलं. परत मला. "तू हायस व्हय?"

"हाय की!"

"मग एकटीचं तोंड कशाला लावलंस भवाने? काळीज थांबलं माजं!" आणि पाठीत धपाटा घातला. रडून दमली म्हणून दोन कप चहा प्यायली.

ऋषिराजचा पुण्याहून फोन. कुणीतरी फोटो ग्रुपवर टाकला, खाली पन्नास जणांनी हात जोडले. "आई कुठंय? आईला द्या!" म्हटलं, मीच बोलतेय रे बैला. तर फोनवर लहान पोरासारखा रडला. मग मलाही आलं थोडं. गॉगलवाला माझा!

जिवंत आहे हे दुपारपर्यंत गावाला कळलं. पण मग नवीनच! मेली नाही, तर उभी असणार! तिसरं कारण गावाला ठाऊकच नाही. "महिपतीनं बायकू उतरवली रिंगणात!"

दत्तातात्या मोटारसायकलवरनं उतरतानाच ओरडले, "महिपती, पाठीत सुरा खुपसलास!"

मालक, "तात्या, चित्र हाय ते, गेनाबाईनं काढलेलं!"

"बोट वर हाय तिचं! भाषान करती हाय ती!"

"तुमालाच बोलत व्हते ते परवा," मी म्हटलं.

गेनाबाईला सोनमनं सगळं सांगितलं. हसता हसता तिचा चष्मा शेणात पडला.

मालक रात्री एवढंच बोलले. "उद्या काढ ते."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नाही काढला.

ग्रामसेवक आले. खालनं बघितलं, वरनं बघितलं. पक्ष नाही, चिन्ह नाही, नाव नाही. "वहिनी, हे कोणत्या नियमात बसवू?" डोकं खाजवत गेले. शाळेच्या पोरी फाटकाशी थांबतात, बोट वर करून फोटो काढतात. मालक घरात यायला मागचं दार वापरतात!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी रेश्मा आली. तात्यांची सून. डोक्यावर पदर, हातात डबा – सांडगे दिले म्हणे सासूनं. सासूला पत्ता नसणार.

"काकू, तुमी खरंच उभ्या ऱ्हाताय ना?"

"न्हाय गं. चित्र हाय ते."

पोरीचं तोंड उतरलं. "मला वाटलं सुटले मी. बारामतीत नोकरी ठरत आलीय माजी. सासऱ्यांपुढं बोलता येईना. तुमचा फोटो बघितला आन् वाटलं, चला, कुणीतरी बोललं."

तिच्या मागनं चार बायका आल्या. मग आणखी सात. अंगणवाडीचं छप्पर, दलित वस्तीच्या नळाचं पाणी, संस्थेत बायकांच्या नावानं खातं – जिला तिला सांगायचं होतं! बनाबाई सगळ्यांना बजावत होती, "मी पयल्यांदा रडले हिच्यासाठी, माजं मत पयलं!" अंगणात एवढा आवाज की गाई हंबरायला लागल्या. हळदीकुंकवाला सुद्धा एवढं हसलो नव्हतो.

कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दिवसभर तेच डोक्यात. त्या फोटोत कडेला उभी गेनाबाई – आणि घरी जाऊन चहा केला!

मी आयुष्यात किती चहा केला असेल!

१४ फेब्रुवारी, शनिवार

गेनाबाई गेली. जाताना एक बूट इथं ठेवला, पिवळा. म्हणाली, परत यायला कारण पाहिजे. एकाच बुटानं गाडीत बसली, दुसऱ्या पायात माझी स्लिपर. मी तिला पापड दिले, आणि आमच्या चहापत्तीचा पत्र्याचा डबा. त्यावर हत्ती आहे. छातीशी धरून बसली.

फाटकाशी गाडी थांबवून फ्लेक्सकडं बघितलं तिनं. मग बोट वर केलं. माझ्यासारखं.

मीही केलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

अहो,

हे पान तुमच्यासाठी. तंबाखूच्या डबीखाली उघडं ठेवून धारेला चाललेय.

मी उभी राहतेय. दत्तातात्यांना सकाळी मी स्वतः जाऊन सांगितलं. चहा त्यांच्या घरी, त्यांनी केलेला.

फ्लेक्सवर खाली जागा रिकामी आहे. नाव टाकून नवीन छापायचाय, परवानगीचं मी बघते. शुभेच्छुक म्हणून तुमचा फोटो टाकायचा का नाही, गोल चौकटीत? सुयोग गुरुवारी छापणार आहे. बुधवारी संध्याकाळच्या धारेपर्यंत सांगा. तोंडानं सांगा, चहा पीत नको.

बैलाचा फोटो पक्का आहे.

रतन