पंप कुणी खोललाच नव्हता

नवनाथ भावजी,

आईंना जुन्नरला दवाखान्यात ठेवलंय. मी त्यांचे कपडे न्यायला आले होते, लगेच परत निघतेय. कुकरमध्ये भात आहे. गाईला पाणी दाखवा.

सकाळी आईंच्या छातीत दुखायला लागलं म्हणून मी गाडी काढली. घाटघर सोडून दहा मिनिटं झाली नसतील, गाडी बंद पडली ती पडलीच. पाऊण तास आई मागच्या सीटवर कण्हत होत्या. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्यानं आम्हाला जुन्नरला पोचवलं.

दुपारी घरी येताना वाटेत मेकॅनिकनं माझ्यासमोर गाडीचा डिझेल पंप खोलला. आत पाणी आणि गंज. म्हणाला, "वहिनी, ह्यो पंप आजवर कुणी खोललाच न्हाई. सर्व्हिस कसली?"

दिवाळीआधी तुम्ही चार दिवस गाडी नेलीत आणि पंप सर्व्हिस करून आणला म्हणून सांगितलंत. त्या भरवशावर मी आईंना गाडीत बसवलं, नाहीतर अँब्युलन्स बोलावली असती. ते चार दिवस गाडी कुठं फिरत होती, हे मला ऐकायचंसुद्धा नाही. किल्ली आता माझ्याकडं राहील.

आईंना बरं आहे. बोलायला लागल्यावर पहिलं वाक्य काय म्हणाल्या असतील? "नवनाथला बोलू नको गं. त्यानं पंप करून आणला व्हता, गाडीच जुनी."

पंपाचं मी त्यांना सांगितलेलं नाही. खरं काय ते त्यांना तुम्ही सांगायचं, माझ्यासमोर. तेवढं जमणार नसेल तर दवाखान्यात येऊ नका.

यशोधरा