चेहरा चौकटीत ठेवा

४ जून
पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली आहे. बाकी काही नाही. साखरेच्या माणसाने पाय जपावा, हे मला ठाऊक आहे. गावातल्या नर्सबाई म्हणाल्या, उद्याच्या बसने शहरातल्या सरकारी दवाखान्यात जा. मी म्हटलं, मला बसचे दचके सोसत नाहीत. तेवढंच कारण आहे. हे त्या दवाखान्यात चालत गेले आणि चालत आले नाहीत, त्याचा इथे संबंध नाही.
सरकारी विम्यात आता व्हिडिओवर डॉक्टर मिळतो. घरबसल्या, फुकट. विम्याची पुस्तिका वाचून काढली. शाळा न बघता वाचायला शिकले, ते अशा वेळी कामाला येतं. आठवड्यात अंगठा बरा.

६ जून, सकाळी
घरात फोनला रेंज एकाच कोपऱ्यात येते, ह्यांच्या फोटोखाली. खुर्ची तिथे मांडली. केस विंचरले. डॉक्टरीणबाई दिसल्या. तरुण, दमलेल्या. म्हणाल्या, पाय दाखवा. फोन खाली नेला, तर लाल अक्षरं: चेहरा चौकटीत ठेवा. वर आणला, तर त्या म्हणाल्या, आता पाय दिसत नाही. चेहरा सतत दिसला तरच विमा भेटीचे पैसे देतो, नाहीतर कुणीही कुणाचाही पाय दाखवेल. बरोबर आहे त्यांचं. नियम समजून घेतला की त्रास होत नाही. भेट आपोआप बंद पडली.
शेजारच्या घरातून जाऊबाई डोकावत होत्या. म्हणाल्या, रोग म्हशीला नि औषध पखालीला. मी लक्ष दिलं नाही.

७ जून
उपाय सापडला. टेबलावर स्टूल, स्टुलावर पाय. सराव केला. कमरेत उसण भरली, पण फोन जरा लांब ठेवला तर चेहरा आणि अंगठा एका चौकटीत आले. जाऊबाई म्हणाल्या, ताई, पडलात तर ते विम्यात बसेल का, तेही विचारून ठेवा.

१० जून
पाय वर, चेहरा आत. लाल अक्षरं: दोन व्यक्ती दिसत आहेत. फक्त विमाधारकाने बसावे. जाऊबाईंना बाहेर जायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मी बाहेरच आहे. तरी दोनच. मग मान वळवून पाहिलं. मागे हे.
हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, आजी, फोटो उतरवा, भेट सुरू होईल. मी म्हटलं, ते गेलेत, विम्यातून त्यांचं नाव तुम्हीच कमी केलंय. ती म्हणाली, हो आजी, पण सिस्टीमला ते दिसतायत.
फोन ठेवून तिथेच बसून राहिले. मला वाटायचं, ते मला एकटीलाच दिसतात.

११ जून
फोटो उतरवणार नाही. मागे भिंतीचा रंग वेगळा आहे, डाग दिसेल. एवढंच कारण. विमा ऑफिसला पत्र टाकलं की नियम सुधारा. समजूतदार माणसं असणार.

१५ जून
उत्तर नाही. माझ्या पत्रावर विचार चालू असेल.
अंगठा जरा काळसर. नर्सबाईंनी लावलेल्या औषधाचा रंग असावा. त्या म्हणाल्या, मी लावलं ते औषध पिवळं होतं. पण आता दुखत नाही, म्हणजे उतार पडतोय. दुखत नाही ऐकून त्या जास्तच घाबरल्या. स्वभाव एकेकाचा.

१६ जून
फोटोवर टॉवेल टाकला. डॉक्टरीणबाई हं, दिसतोय, म्हणतात तोच टॉवेल घसरला. दोन व्यक्ती. बंद.
जिवंतपणी दोन बायका बोलत असल्या की हे उठून बाहेर जायचे.

१९ जून
फोटो उतरवला. भिंतीकडे तोंड करून ठेवावा, तर मन होईना. जाऊबाईंकडे नेऊन दिला. एरवी टोमणा मारल्याशिवाय राहत नाहीत. आज फक्त दोन्ही हातांनी घेतला.
डॉक्टरीणबाईंनी अंगठा पाहिला. म्हणाल्या, आजी, आत्ताच्या आत्ता निघा, आणि फोन ठेवला. नंतर मेसेज आला: भेट फार लवकर संपल्यामुळे धरता येत नाही. अपील करता येतं म्हणे. करणार आहे. जाऊन आले की.

२४ जून, दवाखाना
अंगठा काढला. शेजारचं बोटही. विम्याने सगळे पैसे दिले, एक प्रश्न विचारला नाही.
टेबलावर घेतल्यावर माझ्या तोंडासमोर हिरवा पडदा ओढला. मी म्हटलं, अहो, चेहरा दिसायला हवा ना. इथली नर्स म्हणाली, नको आजी, आम्हाला फक्त पाय लागतो.