तेरणेवरचा दगडी पूल

१२ नोव्हेंबर २०२५
पुलावर पाटी लागली — अवजड वाहनांना बंद. पुराचं पाणी वरून गेलं तेव्हापासून मधल्या खांबाला भेग आहे. शाळेत शिकवायला जाताना रोज बघते. माझं बोट जाईल एवढी! फिरोजला, माझ्या ट्रॅक्टरवाल्या नवऱ्याला, सांगितलं तर हसला. "समदे ट्रॅक्टर तिथनंच जात्यात. पाटी काय, बाजूला सारायची."

१५ नोव्हेंबर
अब्बांचं, म्हणजे सासऱ्यांचं, पुराण पुन्हा सुरू. निजामाच्या राज्यात त्यांचे वडील गवंडी होते, हा पूल त्यांच्या हातचा. चुन्यात गूळ घातला होता म्हणे. किल्लारीच्या भूकंपात आमच्या भिंती पडल्या, पुलाचा दगड हलला नाही. पुढं हायवे झाला, वर डांबर चढलं. "मेरे बाप के हाथ का है, गिरता नै!"
बाप सगळ्यांचाच थोर असतो. भेग मी पाहिलीय.

२१ नोव्हेंबर
फिरोज पुलाच्या मध्यावर आला की दोनदा हॉर्न देतो, मग मी तवा ठेवते. लग्नापासूनची रीत. आज हॉर्न ऐकला आणि तवा सोडून दारात धावले. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या!

२२ नोव्हेंबर
भांडण. जेवला नाही. "कालव्याचा रस्ता लई अरुंद हाय, रुबिना. फेरा बी लांबचा." ऐकलंच नाही मी. लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला, शपथ घेतल्याशिवाय सोडलं नाही. "बरं बाई, न्हाय जात पुलावरनं."
जिंकले!

३० नोव्हेंबर
आता हॉर्न नाही. कधी येतो कळत नाही, भाकरी गार होते. होऊ दे. जिवंत घरी येतो ना.

११ डिसेंबर
परवा कालव्याचा भराव खचला. ट्रॉली उलटली, ट्रॅक्टरला घेऊन. फिरोज खाली सापडला.
गेला.

२७ डिसेंबर
शपथ कुणी घातली ते अब्बांना माहीत आहे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाण्याचा तांब्या अजून माझ्याच हातून घेतात.

३ मार्च २०२६
धोकादायक म्हणून पूल पाडायला मशीन आलंय. मी इद्दतीत, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस पाळत, घरात बसून ठोकणं ऐकते. आठवडा झाला. आज मशीनवाला पाणी प्यायला दारात आला. अब्बांना म्हणाला, "चाचा, काय घातलंय वो ह्यात? पडंनाच की!"