मामंजींचा संगमरवरी चेहरा

कोथरूड, कार्तिक, २००४

चि. दत्तोबा, थोरल्या बहिणीचा, द्वारकाचा, पोटभर आशीर्वाद घे. गुडघा कसा आहे? शेकत जा. माझी साखर वाढली आहे (घरात पेढे येतात, त्याला मी काय करू). चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं वाच.

पत्रास कारण, आमच्या चौकात मामंजींचा पुतळा बसला. पांढराशुभ्र संगमरवर. त्यांच्या रानात आता काचेची कंपनी आहे. नात ऋतिका तिथंच कॉम्प्युटरवर बसते, आणि मी डबा नेला तर वॉचमन म्हणतो, आजी, पास दाखवा. (तीस वर्षं तिथं मेथी खुरपली, पास कुणी मागितला नव्हता.) जमीन विकून झाल्यावर माझ्या पृथ्वीराजला आजोबांचा उमाळा आला, कारण त्याला निवडणुकीला उभं राहायचं आहे. पण फोटो कुठला? फोटोनं आयुष्य घटतं म्हणून मामंजी कधी बसलेच नाहीत, आणि हा पाळण्यात असतानाच गेले. मला म्हणाला, आई, ट्रंकेत बघ. बघितलं. फेट्यामिशीचा एकच फोटो निघाला, तो दिला.

आपल्या हिराच्या लग्नातला तुझा.

कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पोरांना मामाकडे सासरच्यांनी कधी पाठवूच दिलं नाही, ती ओळखणार कशी? मामंजींना पाहिलेले बहुतेक वर गेले, उरलेल्यांना मोतीबिंदू. उद्घाटनाला पुढारी म्हणाले, डोळ्यांत काय करुणा आहे. मला हसू आवरेना, पदर तोंडात धरला. बायकांना वाटलं, रडते.

आई शेवटच्या घटका मोजत होती, तू न्यायला आलास, तेव्हा हेच करुणामूर्ती मामंजी दारातून म्हणाले, "रानातली भांगलण उरकल्याशिवाय सून हलायची नाही." भांगलण उरकली. त्याआधी आई उरकली. पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही म्हणालास आणि पंचेचाळीस वर्षं शब्द पाळलास. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळत आले. यंदा ताट घेऊन सरळ चौकात गेले, पुतळ्याला ओवाळलं. लोक म्हणाले, सासऱ्यावर काय माया आहे बाईची.

थंडी आहे, कानाला बांधत जा.

तुझी अक्का

ता. क. पुढच्या महिन्यात पुण्यतिथी आहे, ये. घर रस्तारुंदीत गेलं. उंबरा होता तिथंच पुतळा आहे, म्हणजे तू आधीच त्यावर उभा आहेस. फक्त मिशी काढून ये, पोराची निवडणूक आहे.

ता. क. दुसरं : मिशी राहू दे. फेटाही बांधून ये.