डाव्या फाट्याची बोडी

प्रिय अपेक्षा,

संक्रांतीला तू येतेस हे तुझ्या बाबांना सांगितलं, तेव्हापासून ते दोन घास जास्त जेवू लागले आहेत. माझ्या हातचं आजवर काय उपाशीपोटी जेवत होते की काय, असं मनात आलं. तुझ्यासाठी गुळाचे कडक लाडू करून ठेवते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण घर लहान आहे, आणि डोळे गेले तरी त्यांचे कान शाबूत आहेत. मला जे सांगायचं आहे ते त्यांच्या कानावर पडायला नको, म्हणून लिहायला बसले.

काचबिंदूने मागच्या पावसाळ्यात होतं नव्हतं ते दिसणं नेलं, हे तुला माहीतच आहे. दिवाळी झाली, धान कापून झाला, थंडी पडली, त्यांच्या पक्ष्यांचे दिवस आले आणि हा माणूस पहाटेच उठून बसू लागला. "मले तलावावर ने. दिसत नाई तं काय झालं, तू पाय आन् मले सांग." ज्या बाईला जन्मभर "तुले काय समजते त्यातलं" म्हटलं, तिच्या डोळ्यांवर आता सगळी भिस्त. मी तुलारामची रिक्षा ठरवली. मारुतीच्या देवळापाशी फाटा आहे ना, उजवीकडे मोठा तलाव आणि डावीकडे ती जुनी बोडी, तळं कसलं, डबकंच. तुझ्या लहानपणी बोडीत निदान म्हशी तरी डुंबत. आता सगळी बेशरमाची झुडपं आणि जलपर्णी माजली आहे, म्हशीसुद्धा उतरत नाहीत. त्या दिवशी उजव्या रस्त्याखालची मोरी दुरुस्तीला काढलेली होती. तुलारामला वाटलं, बोडीच्या पाळीवरून पुढे निघता येईल, म्हणून त्याने न विचारताच रिक्षा डावीकडे घातली. पुढे वाट बंद. रिक्षा थांबली तशी बाबा आपला तलाव आला समजून काठी टेकत उतरले, मफलर सोडून पाण्याकडे कान केला आणि म्हणाले, "काई आलं नाई काय वं?"

हा आपला तलाव नव्हे, असं सांगायलाच मी तोंड उघडलं होतं. निघालं मात्र, "नाई." अपेक्षा, त्यांचा चेहरा मी पाहिला. या माणसाला नेमकं कुठे लागतं हे मला इतक्या संसारात कळलं नव्हतं, ते त्या सकाळी कळलं. मोरी लगेच झाली, पण दुसऱ्या दिवशी मी तुलारामला स्वतःहून डावीकडेच घ्यायला सांगितलं. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, भाऊले तिकडं काहून नाई नेत?" मोठ्या तलावावर वारा फार, डॉक्टर नको म्हणाले, असं मी सांगितलं. भला माणूस, त्याला ते पटलं. उलट रस्त्यात पक्ष्यांचा विषय काढून भाऊंना त्रास द्यायचा नाही, एवढी काळजी तो घेतो.

आता रोजचंच झालं आहे. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्यांना बसवते, पायांवर शाल टाकते, थर्मासमधला चहा देते. ते विचारतात, "काय दिसते?" मी म्हणते, काही नाही. मग एकेकाचं नाव घेऊन विचारतात. चक्रवाक? नाही. तलवार बदक? नाही. पट्टकदंब? त्याचं नाव घेताना आवाज जरा खाली येतो. नाही, तेही नाहीत. "काहून नाई येऊन राहिले वं?" असं सुरुवातीला मला विचारत होते. हल्ली उत्तर त्यांनीच शोधून काढलं आहे. म्हणतात, "मीच पेपरात फोटो देलो. मीच गाड्या आणलो तलावावर. त्याइले मीच हाकललो." हे बोलून एके दिवशी पाळीवर बसून रडले. मी चहा निवेपर्यंत थांबले आणि कप हातात दिला. त्यांना भेटायला कोणी आलं तर मी दारातूनच परत पाठवते, झोपलेत म्हणून. फोन माझ्याकडे असतो. शेजारच्या शकुंतलाबाई त्यांच्या सुनेला माझं उदाहरण देतात, नवऱ्याची सेवा कशी करावी त्याचं.

दुपारी ते झोपले की मी उजव्या रस्त्याने जाते, गळ्यात त्यांची दुर्बीण अडकवून. आठवतं ना, मला तिला हात लावायची परवानगी नव्हती. "लेन्सले तेलाचे बोटं लागतात तुये." लागायचीच, कढईपाशी मीच उभी असायची. यंदा तलाव नुसता भरला आहे. चक्रवाक आहेत, भगवे, जोडीजोडीने. आणि पट्टकदंब तर काठच्या धानाच्या बांध्यांमध्ये उतरून कोवळी लाखोळी चरत असतात, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, चाल अगदी सावकाश. हिमालय ओलांडून येतात, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. सुंदर आहेत ग. तुझ्याशी खोटं का बोलू. मला वाटलं होतं, त्यांनी जे पाहिलं ते एकदा आपण पाहिलं की मन मऊ होईल. झालं नाही. बघत बसले आणि एवढंच मनात आलं, की यांच्यासाठी होय ते सगळं.

तू सातवीत होतीस तो हिवाळा. मध्ये कित्येक वर्षं पट्टकदंब आले नव्हते, ते त्या वर्षी आले आणि नागपूरहून पाहुणे आले. मी सकाळपासून लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होते. तू ताटं नेत होतीस. पाहुण्यांना वडे फार आवडले, वहिनी, अजून येऊ द्या, असं बैठकीतून ऐकू येत होतं. सगळे जेवले, पान खाल्लं, गाडीत बसून गेले, आणि मग बाबांनी मला सांगितलं की माझ्या माहेरून, नाकाडोंगरीहून फोन होता, माय गेली. आई दुपारपर्यंत होती. माझंच नाव घेत होती. दोन बस बदलून मी पोचले तेव्हा माणसं घाटावरून परतून अंगणात बसली होती. बाबांनी लपवाछपवी केली नाही, तेवढं खरं. मी विचारलं तर सरळ म्हणाले, "आधी सांगतलो असतो तं तू निंगून गेली असती. मंग पाव्हण्याइले कोण वाढलं असतं?" ते पुन्हा त्यावर कधी बोलले नाहीत. मीही नाही.

आता ते तुझी वाट पाहत आहेत. माझ्यावर त्यांचा पुरता विश्वास कधीच नव्हता. म्हणतात, "अपेक्षाचे डोये बारीक हायेत. ते आली का खरं काय थे सांगन." तू आलीस की ते तुला सकाळी सोबत नेतील, बोडीच्या पाळीवर उभं करतील आणि विचारतील. तुला एका नजरेत सगळं कळेल. त्यांचा हात धरून उजव्या रस्त्याला लागावंसं वाटेल. त्याआधी एवढं वाच. त्या दिवशी नाकाडोंगरीहून फोन दोनदा आला होता. आई गेल्याचा दुसरा फोन बाबांनी घेतला. सकाळचा, ती बोलावते आहे म्हणून सांगणारा, तू घेतला होतास. सेवकराममामाने मला तिथे अंगणातच सांगितलं, "अपेक्षाले तं सकाईच सांगतलो होतो, बाई." बाबांनी तुला गप्प राहायला सांगितलं असेल आणि तू राहिलीस. वड्यांची ताटं घेऊन माझ्या पुढून येत-जात राहिलीस, वर पाहिलं नाहीस. परत आल्यावर मी तुझ्या वेण्या घातल्या, पुढे तुझं लग्न लावून दिलं, दर रविवारी तुझा फोन घेते, पण हे कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. तू लहान होतीस, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. पण गप्प राहणं तुला जमतं, हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. तेव्हा त्यांच्यासाठी राहिलीस, आता माझ्यासाठी राहा. बाबांनी विचारलं, काय दिसते बेटा, तर काही नाही म्हण. बोडीवर खरंच काही नसतं. तुला खोटंसुद्धा बोलावं लागणार नाही.

तुझीच,
आई