तांदळाचं बाळ

दि. ४ मार्च

प्रिय ठमे,

आशीर्वाद तुला, जावईबुवांना आणि आतून लाथा मारणाऱ्या त्या तिसऱ्याला. इथे सगळं ठीक. तू पाठवलेलं तिकीट छापून आणलं आणि शिवणाच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवलं. येता-जाता दिसतं.

कामाचा पसारा आवरत आणलाय. शाळेच्या गणवेशांचं शेवटचं गाठोडं देऊन टाकलं. आता नवीन काम घेत नाही म्हटलं की गिऱ्हाइकं तोंड पाडून जातात आणि मला आतून गुदगुल्या होतात. एक गंमत झाली. चष्म्याच्या दुकानदाराचा शर्ट परत आला. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! शिवण मात्र अशी देखणी की विचारू नकोस. तो हसत होता, म्हणून मीही हसले. उसवून पुन्हा शिवून दिला. लग्नाच्या आधीपासून शिवतेय, असं कधी झालं नव्हतं. घाई, दुसरं काय.

आणि हे वाचून हसू नकोस, मी सराव करतेय. तान्हं बाळ हातात घेऊन किती वर्षं झाली! शेवटची तूच, आणि तू म्हणजे बाळ कसलं, नुसती मासोळी होतीस, हातात ठरायची नाहीस. म्हणून उशीच्या अभ्र्यात तीन किलो तांदूळ भरले, तोंड शिवलं आणि तुझ्या जुन्या दुलईत गुंडाळून खांद्यावर घेतले. रोज दुपारी घरभर फेऱ्या. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी मागच्या आठवड्यात दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, ढेकर काढा त्याची, नाहीतर दूध बाहेर काढेल!" आम्ही त्याचं नाव भातोबा ठेवलंय.

काही विचारायचं होतं. तुमच्या घरात खाली फरशी आहे की लाकूड? जाडसा गालिचा आहे का? तू कामावर गेल्यावर दिवसा घरात आणखी कोणी असेल का? हाक मारली तर शेजाऱ्यांना ऐकू जाते का? उगाच आपलं विचारते. म्हातारीच्या चौकशा.

फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. "आई, तू फक्त ये गं, बाकी मी बघते," की संपलं.

झबली शिवून झालीत. एकाचा गळा तेवढा राहिलाय. टाके सगळे आतल्या बाजूला घेतलेत, टोचायचे नाहीत.

तुझी आई


दि. १९ मार्च

ठमे,

काल फोनवर केवढी हसलीस तू. भातोबा म्हणे तुझ्या ऑफिसभर झाला. "दाखव ना त्याला कॅमेऱ्यात," म्हणालीस, मी म्हटलं, "झोपलाय." तू आणखीच हसलीस. मग म्हणालीस, "आणि ते फरशीचं काय खूळ घेतलंयस? बाळ झालं की महिना-दीड महिन्यात मी कामावर जाणार, मग दिवसभर तुम्ही दोघंच. तू आहेस म्हणून मला कसलीच भीती नाही."

 

भातोबा झोपला नव्हता. तो फुटलाय. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्याच दिवशी फुटला.

दुपारची वेळ. फेऱ्या मारून मी खिडकीशी उभी होते, त्याला थोपटत होते, तू लहान असताना पुटपुटायचे तसलं काहीतरी पुटपुटत होते. दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून मास्तरीणबाई धापा टाकत आत आल्या.

"काय पडलं हो? केवढ्यानं आवाज आला!"

"कुठे काय?" मी म्हटलं.

त्या माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. पायांकडे बघत होत्या. मी खाली पाहिलं. दुलई तिथे, अभ्रा फाटलेला आणि तांदूळ पार कपाटाखालपर्यंत गेलेले. माझे हात मात्र होते तसेच, बाळ धरल्यासारखे. उजवा हात अजून थोपटत होता.

मला आवाज आलाच नाही गं. हात हलके झालेलेसुद्धा कळले नाहीत.

मास्तरीणबाईंनी झाडू घेतला. "तांदूळच तर आहेत," त्या म्हणाल्या. पण दोघींच्या मनात एकच आलं होतं. झाडता झाडता त्यांनी विचारलं, "कधीपासून होतंय?" मी म्हटलं, "आजच." ते खोटं होतं. मागे एकदा मशीनची सुई नखातून आरपार गेली, ती मला पांढऱ्या कापडावर लाल दिसल्यावर कळली. एकदा बाजारात रस्ता ओलांडायला थांबले होते, पुढचं आठवतं ते पलीकडच्या फुटपाथवरचं. मधला रस्ता कुणी ओलांडला, मला ठाऊक नाही. आणि त्या दोन डाव्या बाह्या. मी गंमत म्हणून लिहिलं तुला. शिवताना मी तिथे नव्हतेच.

मास्तरीणबाईंनी हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मधूनमधून मेंदू थोडा वेळ गैरहजर राहतो. चक्कर येत नाही, माणूस पडत नाही, म्हणून बाजूच्यालाही पत्ता लागत नाही. डोक्याचा फोटो काढा, मग औषध सुरू करू. मी म्हटलं, "मुलीकडे जाऊन येते, मग काढू." त्यांनी विचारलं, "नातवंडाला एकट्या सांभाळणार का?" मी तोंड वर करून सांगितलं, "छे हो, मुलगी घरातच असते की."

का बोलले असं? मला यायचंय म्हणून. दुसरं काही नाही. त्या काचेखालच्या तिकिटावर रोज हात फिरवते. मनात म्हणत होते, सांभाळून राहीन, उभी राहणारच नाही, खाली बसूनच घेईन, कोणाला काय कळणार आहे. आणि काल तू म्हणालीस, मला कसलीच भीती नाही. मग ती भीती सगळी माझ्या एकटीच्या वाट्याला आली, आणि मला ती पेलवेना.

आज सकाळी नवा अभ्रा शिवला, त्यात तांदूळ भरले. उचलायचा धीर होईना. तो पलंगावर पडलाय, मी खुर्चीत बसलेय, आणि तांदळाच्या पिशवीला मी घाबरतेय. बघ तुझी आई.

तर ऐक. डोक्याचा फोटो परवा काढतेय, मास्तरीणबाई सोबत येणार आहेत. तिकिटाचं काय करायचं, ते तू आणि जावईबुवा ठरवा. पण दिवसा बाळासाठी दुसरं माणूस बघ, मी आले तरी आणि नाही आले तरी. मी आलेच, तर खाली गादीवर बसेन आणि तू बाळ माझ्या मांडीवर दे. देताना तुझे हात त्याच्याखालून काढू नकोस. मला ते आवडणार नाही. मी रागावेन, रडेन, "एवढाही विश्वास नाही का आईवर?" म्हणून अबोला धरेन. तरी काढू नकोस.

पत्र पेटीत टाकायला मास्तरीणबाईंकडे देतेय. माझ्याजवळ राहिलं तर मी फाडून टाकीन.

हे वाचलंस की तू घाबरून फोन करशील. मी उचलेन आणि म्हणेन, "अगं, मास्तरीणबाईंनी राईचा पर्वत केला, मी ठणठणीत आहे, बॅगसुद्धा भरून झाली." अगदी हसत म्हणेन. तुझा आवाज ऐकला की मी काय करते, ते मला माहीत आहे. त्या फोनवरच्या आईचं तू काही एक ऐकू नकोस. हिचं ऐक.

पूर्ण शुद्धीत,
तुझी आई