न झालेल्या सभेचं इतिवृत्त

१२ नोव्हेंबर, बुधवार

कपाळावर हात मारून घेतला आज! सहावीच्या पोरांची ग्रामसभा भरवली. नागरिकशास्त्र नुसतं घोकून काय उपयोग — करून बघा म्हटलं. पुनम सरपंच. निम्मा वर्ग हजर नसेल तर सभा तहकूब, हा नियम फळ्यावर लिहिला. गावात दोन लग्नं, त्यात तापाची साथ — पोरं कमी भरली. सरपंचबाई काय करतात बघू, म्हणून मी गप्प बसले. तर पुनम मधल्या सुट्टीत वही घेऊन घरोघर फिरून आली. तापात पडलेल्यांच्याही सह्या! "गणपूर्ती झाली बाई!"

भडकलेच मी. "ही लबाडी कुणी शिकवली तुला?"

ती गोंधळली. "तुमीच की बाई. समितीची वही तुमी माझ्याकडंच देता ना, आईच्या सहीला."

मी उगाच खडू शोधत बसले.

१३ नोव्हेंबर

खरं आहे तिचं. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक शनिवारी ठेवते, पण पालक येत नाहीत; दोन वर्षांत एकदाही भरलेली नाही. इतिवृत्त मी रहाटणीला घरी बसून लिहिते आणि वही सह्यांना गावात फिरते. चालतंय की, असं मनाला सांगत आले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वरून पत्र आलंय. नव्या वर्षापासून सहावी-सातवी हायवेपलीकडच्या शाळेत हलवणार! म्हणजे पोरांनी महाळुंग्याच्या कंपन्यांकडून येणारे कंटेनर चुकवत रोज तो रस्ता ओलांडायचा. तणतणत हेडमास्तरांकडे गेले. रणजीत सर गरीब माणूस. त्यांनी जूनची वही उघडून पुढे केली. "वर्ग हलवण्यास समितीची हरकत नाही." अक्षर माझं! वरून आलेला मसुदा, मी न वाचता उतरवलेला. खाली अध्यक्ष म्हणून पुनमच्या आईची, छबूबाईंची सही.



१८ नोव्हेंबर

छबूबाईंकडे जाऊन आले. कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटतात. सगळं सांगून टाकलं.

"मी अध्यक्ष हाय व्हय? मला वाटलं खिचडीच्या तांदळाच्या सह्या त्या!"

शिव्या घालतील वाटलं होतं. माउलीनं चहा टाकला. मग म्हणाल्या, "आता खरीखुरी मिटिंग घ्या."

"लोक येत नाहीत हो."

पुनम मध्येच — "शनिवारी ठेवता म्हणून न्हाई येत बाई. गुरुवारी ठेवा. कंपन्यांना सुट्टी आस्ती."

अकरा वर्षं इथं शिकवतेय मी. एवढं साधं सुचलं नाही!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बाकं पुरली नाहीत!! पोरं पुन्हा घरोघर फिरली, पण या वेळी बोलावणं द्यायला. ओव्हरटाइम सोडून आलेले बाप, कडेवर पोर घेतलेल्या आया. छबूबाई खुर्चीत टेकायलाच तयार नव्हत्या. एकदा बसल्या आणि मग मधे कुणाला बोलू देईनात. "आदी हात वर करा, मग बोला!" सगळे हात वर — वर्ग इथंच राहणार. भरून आलं मला. फार उपकार झालेत माझ्यावर या पोरांचे.

पण सर म्हणाले, जुना ठरावच खरा धरतील. ती सभा झालीच नव्हती, असं कुणीतरी लिहून द्यायला हवं. "जपून हं बाई. अंगाशी येईल तुमच्या."

२८ नोव्हेंबर

दिलं लिहून. जूनची सभा झालीच नव्हती, इतिवृत्त घरी बसून मी लिहिलं. खाली माझी सही.

१७ डिसेंबर, बुधवार

पाकीट आलं. वरचा कागद तिथंच वर्गात वाचून दाखवला — वर्ग हलणार नाहीत! पोरांनी बाकं बडवून शाळा डोक्यावर घेतली. देवा, कसला तो आवाज! त्या आवाजातच खालचा कागद उघडला. माझं निलंबन.